वृत्तपत्रांतली उमेदवारी : छापखान्यापासून मनुष्यबळ विभागापर्यंत

वृत्तपत्राच्या धंद्यात शिकाऊ म्हणून सर्वांत आधी शिरला तो खिळे हाताळणारा मुलगा. शिकाऊ बातमीदार, उपसंपादक त्याच्या मागून आले. या सगळ्यांची हजेरी, पगार, रजा आणि तक्रारी पाहणारा स्वतंत्र विभाग त्यानंतर कितीतरी दशकांनी उभा राहिला, आणि त्या विभागात काम शिकणारा मनुष्यबळ विभागाचा शिकाऊ तर अगदी अलीकडचा. आज मुंबई-पुण्याच्या माध्यम कंपन्यांत तो दिसतो. त्याचे काम दोन वेगळ्या परंपरांतून घडले आहे. एक छापखान्यातल्या उमेदवारीची, दुसरी गिरणगावातल्या कामगारकल्याणाची. दोन्हींचे मूळ मुंबईत आहे.

अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत १८१७ च्या सुमारास छापखाना सुरू केला. धर्मप्रसाराची पुस्तके छापणे हा त्याचा हेतू, पण मराठी मुद्रणकलेची पहिली मोठी शाळा तोच ठरला. गणपत कृष्णाजी यांनी मुद्रणाचे धडे तिथे घेतले आणि पुढे शिळाप्रेसवर १८३१ मध्ये मराठी पंचांग छापले. १८३९ साली जन्मलेले जावजी दादाजी वयाच्या दहाव्या वर्षी त्याच छापखान्यात लागले, दरमहा दोन रुपयांवर. काम होते खिळे घासण्याचे. शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रधातूचा खिळा साच्यातून बाहेर पडला की त्याच्या कडांना जादा धातू चिकटलेला असतो. तो घासून काढायचा, खिळ्याच्या बाजू सपाट करायच्या आणि सगळे खिळे एका उंचीचे भरतात की नाही हे पाहायचे. एक खिळा केसभर वर राहिला तरी ओळीत तेवढेच अक्षर कागदात रुतते आणि शेजारचे पुसट उठते. दहा वर्षांच्या मुलाच्या बोटांवर हे काम सोपवले जाई. थॉमस ग्रॅहम यांच्या देखरेखीखाली जावजी तिथे शिकले, पुढे दुसऱ्या छापखान्यांत राबले, १८६४ मध्ये त्यांनी स्वतःचा टाइपांचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. देवनागरी अक्षराला त्यांनी जे वळण दिले त्याचे श्रेय त्या घासकामाला द्यायलाच हवे. खिळ्याची पाठ, बाजू आणि तोंड बोटांनी ओळखणारा माणूसच असे अक्षर घडवू शकतो.

खिळेजुळणीची उमेदवारी सगळीकडे साधारण एकाच क्रमाने होई. नव्या मुलाला प्रथम छापून झालेला मजकूर सोडायला देत. फर्म्यातले खिळे मोकळे करून ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायचे. देवनागरीत मूळ अक्षरे, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे आणि मात्रांचे तुकडे मिळून खणांची संख्या काही शेकड्यांत जाई. शिवाय खिळ्यावरचे अक्षर उलटे असते. कोणता खण कुठे, हे हाताला पाठ झाले की ओळ जुळवायची स्टिक हातात मिळे, मग जुळलेल्या ओळींची गॅली, मग पान बांधणे. जुळाऱ्याची मजुरी पुष्कळदा कामाच्या मापावर ठरे, त्यामुळे शिकणारा हात जितका मंद तितका त्याच्या पोटाला चिमटा मोठा. करारपत्र, नेमणूकपत्र, ठरलेली मुदत यांतले बहुधा काहीच नसे. फोरमनने ‘उद्यापासून ये’ म्हटले की नोकरी, आणि ‘येऊ नकोस’ म्हटले की घरी.

कायदा नव्हता असे मात्र नाही. १८५० चा उमेदवारी कायदा दहा ते अठरा वर्षांच्या मुलांना करारावर एखाद्या धंद्यात बांधून देण्याची सोय करत होता. मुदत जास्तीत जास्त सात वर्षे. मुलगी असेल तर तिच्या लग्नानंतर करार पुढे चालत नसे. धर्मादायावर वाढलेल्या अनाथ आणि गरीब मुलांना धंदे-हस्तकला शिकता याव्यात हा त्यामागचा हेतू. छापखान्यातल्या रोजच्या उमेदवारीला या कायद्याचा फारसा स्पर्श झाला नाही. ती ओळखीपाळखीवर चालत राहिली.

संपादकीय बाजूची उमेदवारी याहून निराळी. ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ निघाले तेव्हा बाळशास्त्री जांभेकरांपाशी आजच्या अर्थाने कर्मचारीवर्ग नव्हता. ‘केसरी’ १८८१ च्या जानेवारीत निघाला तेव्हाही मालक, लेखक आणि हमाल यांच्यातली रेषा पुसट होती. टिळक-आगरकरांनी खिळ्यांच्या केसी स्वतः वाहून नेल्याची आठवण टिळकचरित्रांत येते. अशा ठिकाणी होतकरू तरुण मुद्रिते तपासत, इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या बातम्यांचा तर्जुमा करत, आणि वर्षानुवर्षे तेच करत राहत. ध्येयाच्या नावाखाली अत्यल्प वेतन स्वीकारण्याची सवय मराठी पत्रकारितेला इथे लागली. ती सवय पुढे मालकांच्या फार सोयीची ठरली.

कामगारांची गाऱ्हाणी मांडण्याचे काम वृत्तपत्राने केले ते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या हातून. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात काढलेला ‘दीनबंधु’ लोखंड्यांनी १८८० मध्ये मुंबईहून चालवायला घेतला. त्याआधी ते गिरणीत नोकरीला होते. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. त्या सभांतल्या मागण्या आज वाचताना एखाद्या आस्थापना विभागाची नियमावली वाचतो आहोत असे वाटते : रविवारी सुट्टी, मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, आणि अपघात झाला तर भरपाई. साडेपाच हजारांच्या आसपास कामगारांच्या सह्यांचा अर्ज गेला. रविवारची सुट्टी १० जून १८९० रोजी मान्य झाली. पगाराच्या तारखेची मागणी १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने नियमात आली, तीही लोखंड्यांनी मागितली होती त्याहून आधीच्या तारखेची : हजाराहून कमी कामगार असतील तिथे ७ तारखेपर्यंत, इतरत्र १० पर्यंत. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पगारपत्रकासाठी जी धावपळ होते तिचे मूळ या तारखांत आहे.

गिरण्यांत भरती, रजा आणि शिक्षा यांची सूत्रे जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हाती होती. बदली मिळवायची तर जॉबरचे हात ओले करावे लागत. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालच्या शाही आयोगाने १९३१ च्या अहवालात या पद्धतीवर बोट ठेवले आणि भरती-बडतर्फीचे अधिकार स्वतंत्र कामगार अधिकाऱ्याकडे द्यावेत अशी शिफारस केली. मुंबई सरकारने १९३४ मध्ये आपला कामगार अधिकारी नेमला. पण अशा अधिकाऱ्यांना शिकवणार कोण? याचे पहिले उत्तर नागपाड्यातून आले. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट तिथे गोरगरिबांच्या वस्तीत काम करत होते. त्यांच्या पुढाकाराने आणि टाटा विश्वस्तनिधीच्या पैशातून १९३६ मध्ये समाजकार्याची पदव्युत्तर शाळा सुरू झाली. तीच १९४४ पासून टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. ज्या मिशनच्या छापखान्यात जावजी शिकले त्याच मिशनच्या माणसाने जवळपास शतकानंतर कामगार अधिकारी घडवणारी संस्था उभारावी, या योगायोगाकडे मुद्रणाच्या आणि कामगारांच्या इतिहासकारांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. १९४७ मध्ये सरकारने परळला स्वतःची कामगार संस्था काढली. ती आज नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नावाने चालते, आणि कामगार अभ्यासाची पदवी घेऊन तिथून बाहेर पडलेले लोक मुंबईतल्या असंख्य कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागांत बसले आहेत.

१९४८ चा कारखाने कायदा छापखान्यालाही लागू झाला, कारण छपाई आणि पुस्तकबांधणी या प्रक्रिया त्याच्या व्याख्येत आल्या. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास बंदी झाली. खिळ्यांतल्या शिशाची बाधा हा कळवण्याजोगा रोग ठरला. दहा वर्षांचा जावजी आता खिळे घासू शकला नसता. त्याच कायद्याच्या ४९ व्या कलमाने ५०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी बंधनकारक केला. नियमांनी त्याच्यावर दोन अटी घातल्या, त्या विशेष होत्या. बहुसंख्य कामगारांची भाषा त्याला आली पाहिजे. आणि कामगारांविरुद्धच्या शिस्तभंगाच्या प्रकरणात किंवा न्यायाधिकरणापुढे त्याने व्यवस्थापनाच्या वतीने उभे राहायचे नाही. पगार मालकाचा, पण विश्वास कामगाराचा, अशी ती जागा होती. व्यवहारात ती टिकवणे अवघड गेले, तरी ती कल्पना शहाणपणाची होती. पुढे मनुष्यबळ विभाग नावाची जी मोठी छत्री आली तिच्याखाली सल्ला देणारा, चौकशी करणारा आणि नोटीस काढणारा एकच झाला. यात कामगाराचे नुकसान झाले.

पत्रकार या चौकटीत आले ते १९५५ नंतर. न्यायमूर्ती ग. स. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालच्या पहिल्या वृत्तपत्र आयोगाने (१९५२-५४) वृत्तपत्र-व्यवसायाची सविस्तर तपासणी केली. त्याच्या शिफारशींवरून श्रमिक पत्रकार कायदा झाला. त्याने पत्रकाराला औद्योगिक विवाद कायद्याचे संरक्षण दिले, चार सलग आठवड्यांत १४४ तासांहून अधिक काम घेण्यास मनाई केली आणि कपात करायची तर संपादकाला सहा महिन्यांची व इतर पत्रकारांना तीन महिन्यांची नोटीस ठरवली. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या वृत्तपत्रांना स्थायी आदेश व भविष्य निर्वाह निधीही लागू झाला. श्रमिक पत्रकाराच्या व्याख्येत संपादक, अग्रलेखक, उपसंपादक, बातमीदार, व्यंगचित्रकार, छायाचित्रकार यांच्याबरोबर मुद्रितशोधकही बसला, जुळारी बसला नाही. एकाच मजकुरावर एकाच रात्री काम करणारे दोघे कागदावर दोन वर्गांत विभागले गेले.

या कायद्याने वृत्तपत्रांत आस्थापना विभाग खऱ्या अर्थाने जन्माला घातला. आता प्रत्येकाचे पद, श्रेणी, नेमणुकीची तारीख, रात्रपाळ्या आणि रजा यांची लेखी नोंद लागणार होती. पत्रकारांचे पगार ठरवण्यासाठी या कायद्याखाली नेमलेले वेतनमंडळ वृत्तपत्रांचे वर्ग त्यांच्या वार्षिक उत्पन्नावरून पाडी, आणि वर्ग बदलला की साऱ्या वेतनश्रेणी बदलत. दिवाटिया मंडळाचा पहिला निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये रद्द ठरवला, कारण धंद्याची पगार देण्याची ऐपत मंडळाने नीट तपासली नव्हती. मग शिंदे, पालेकर, बच्छावत, मणिसाना आणि मजिठिया अशी मालिका झाली. कचेऱ्यांत या नावांचे जणू चलनच झाले. ‘आमच्याकडे बच्छावत आहे’ एवढे म्हटले की पगार कोणत्या पायरीवर आहे ते समोरच्याला कळे. मजिठिया मंडळाच्या शिफारशी ११ नोव्हेंबर २०११ रोजी अधिसूचित झाल्या, ७ फेब्रुवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या वैध ठरवल्या, आणि जून २०१७ च्या निकालात कंत्राटी कर्मचारीही त्यांत येतात हे स्पष्ट केले.

कंत्राटाचा मुद्दा न्यायालयापर्यंत जाण्याचे कारण त्याआधीच्या पंचवीस-तीस वर्षांत आहे. १९८० च्या दशकात फोटोटाइपसेटिंग आणि नंतर संगणक आला, तशी शिशाची अक्षरे हद्दपार झाली. हयात खिळ्यांत घालवलेल्या जुळाऱ्यांपैकी काही कळफलकावर बसले, पुष्कळांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. वेतनमंडळाच्या कक्षेबाहेर, मुदतीच्या करारावर पत्रकार नेमण्याची प्रथा मोठ्या इंग्रजी दैनिकांतून सुरू होऊन मराठीत आली. ठरावीक मुदतीने करार संपतो आणि नूतनीकरण होईल की नाही हे व्यवस्थापन ठरवते, हे कळल्यावर संघटनेच्या सभेला जाणाऱ्यांची संख्या घटली. १९९२ मध्ये झी टीव्ही आणि त्या दशकाच्या शेवटी मराठी उपग्रह वाहिन्या आल्या. त्यांना १९५५ चा कायदा लागूच नव्हता, तो वृत्तपत्रांपुरता होता. वाहिन्यांतल्या पत्रकाराला कायद्याच्या व्याख्येत जागा मिळाली ती २०२० च्या व्यवसायविषयक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या परिस्थितीच्या संहितेत.

‘पर्सोनेल’ची पाटी जाऊन ‘एच.आर.’ची लागली तीही याच काळात. त्याआधीच लार्सन अँड टुब्रोने उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांच्या सल्ल्यावरून १९७५ च्या सुमारास मनुष्यबळ विकासाचा स्वतंत्र विभाग काढला. भारतात हा विचार रुजला तो तिथून. माणसाच्या क्षमता वाढवणे हा त्यामागचा हेतू चांगला होता. माध्यम कंपन्यांत मात्र पाटी बदलली तरी खालचे काम पुष्कळ ठिकाणी हजेरी आणि करारांचेच राहिले.

शिकाऊंच्या कायद्याकडे वळायचे तर १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा पाहावा लागतो. त्याने १८५० चा कायदा रद्द केला. मुद्रणव्यवसायातले हाताने जुळणी करणारे, यंत्र चालवणारे, पुस्तकबांधणी करणारे हे सारे त्याखाली शिकाऊ म्हणून घेता येऊ लागले. १९७३ मध्ये अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक आले. कला, वाणिज्य, व्यवस्थापन शाखांच्या पदवीधरांसाठी दार उघडले ते २०१४ च्या दुरुस्तीने. ‘ऐच्छिक व्यवसाय’ मान्य झाल्यामुळे कचेरीतली कामेही शिकाऊ करारावर शिकवता येऊ लागली. मनुष्यबळ विभागातला शिकाऊ कायद्याच्या भाषेत इथून अस्तित्वात आला. २०१६ मध्ये विद्यावेतनाचा काही भाग सरकारने उचलण्याची राष्ट्रीय योजना आली. २०१९ च्या नियमांनी ३० किंवा अधिक मनुष्यबळाच्या आस्थापनांना अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घेणे बंधनकारक केले आणि पदवीधराचे किमान विद्यावेतन दरमहा ९,००० रुपये ठरवले.

माध्यम कंपनीत या शिकाऊच्या वाट्याला येणारे काम कारखान्यातल्यापेक्षा अधिक गुंतागुंतीचे असते, कारण इथे एका छताखाली अनेक प्रकारचे लोक वावरतात. कायम नोकरीतला जुना मुद्रितशोधक, करारावरचा उपसंपादक, ठोक मानधनावरचा स्तंभलेखक, तालुक्याचा वार्ताहर, वाहिनीच्या पाळीवर येणारा कॅमेरामन, पुरवठादारामार्फत आलेला चालक. प्रत्येकाची हजेरी वेगळी, कपात वेगळी, रजेचा हिशेब वेगळा. मध्यरात्री संपणारी पाळी कोणत्या तारखेत धरायची इथपासून प्रश्न सुरू होतात. निवडणूक, अतिवृष्टी किंवा गणपती असले की पाळ्यांचा तक्ता मोडतो आणि बदली रजांचा डोंगर साचतो. अधिस्वीकृती पत्रिकेसाठी बातमीदाराला नेमणुकीचा दाखला हवा असतो. तो काढताना कागदावरचे पद आणि प्रत्यक्षातले काम जुळत नाही, हे ध्यानात येते. ‘वरिष्ठ कार्यकारी’ म्हणून नेमलेला माणूस रोज बातम्या लिहीत असतो. पदनामाच्या या बदलाने तो श्रमिक पत्रकाराच्या व्याख्येतून बाहेर ढकलला जाऊ शकतो, हे पुस्तकात वाचून कळत नाही, फाइल हातात आल्यावरच कळते.

अलीकडची आणखी एक जबाबदारी अंतर्गत समितीची. १९९७ च्या विशाखा निकालानंतर २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा झाला आणि दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कचेरीत समिती बंधनकारक झाली. ऑक्टोबर २०१८ मध्ये देशभरातल्या महिला पत्रकारांनी आपले अनुभव उघड मांडले तेव्हा अनेक माध्यमसंस्थांच्या समित्या कागदोपत्रीच असल्याचे दिसून आले. बैठकीची सूचना, इतिवृत्त, गोपनीयता यांची शिस्त शिकाऊला याच कामात लागते. तक्रार करणाऱ्या मुलीचे नाव फाइलच्या पाठीवर लिहायचे नसते, ही साधी गोष्टही कोणीतरी शिकवावी लागते.

एवढे सारे हाताळणाऱ्या या शिकाऊचे स्वतःचे स्थान १९६१ च्या कायद्याच्या १८ व्या कलमात सांगितले आहे. तो प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही, आणि कामगारविषयक कायदे त्याला लागू नाहीत. आरोग्य, सुरक्षा, कामाचे तास आणि अपघाताची भरपाई यांबाबत कायद्याने त्याला वेगळे संरक्षण दिले आहे, पण इतरांच्या ज्या हक्कांची कागदपत्रे तो जपतो त्यांतले बरेचसे त्याला नाहीत. शिक्षण खरोखर दिले जात असेल तर ही विभागणी समर्थनीय ठरते. एखादे वर्ष त्याला फक्त हजेरीच्या नोंदी भरायला आणि मुलाखतीसाठी आलेल्यांना पाणी द्यायला ठेवले, तर ती कमी पैशातली नोकरीच होते. जावजींना दोन रुपयांत निदान खिळा घडवणे शिकायला मिळाले होते. शिकाऊ नेमणाऱ्या प्रत्येक माध्यमसंस्थेने त्याला वेतनमंडळाचा निर्णय, स्थायी आदेश आणि श्रमिक पत्रकाराची व्याख्या वाचायला बसवावे, आणि मुदत संपल्यावर नोकरी देणार की नाही हे पहिल्याच दिवशी लेखी सांगावे. त्याला नोकरीवर घ्यायचे की नाही याचे धोरण आस्थापनेने स्वतः ठरवायचे असते, अशी तरतूद कायद्याच्या २२ व्या कलमात आहेच.